जिन्यावरचा पत्रा

आमच्या घरमालकांना चहाला बोलावणं ही एक शिक्षाच होती. माणूस आला की बसायचा नाही. मधल्या बोटाचं पेर वाकवून आधी कपाट वाजवायचा, मग धान्याची कोठी, मग ट्रंक, मग फ्रिजची पाठ. वाजवून झालं की कान लावायचा. एखाद्या जागी बोट थांबलं की आपण ओळखावं, आता चहा गार होणार. "ह्यो वाजतोय," ते म्हणायचे आणि खिशातून खणाची हिरवी थैली काढून तिथंच मांडी घालायचे. यजमानानं कपबशी हातात धरून उभं राहायचं. बोळातल्या लोकांनी त्यांना घरात घेणंच सोडून दिलं होतं. जे काय बोलायचं ते उंबऱ्यावर उरकायचे.

आम्हाला ती सोय नव्हती, कारण घरच त्यांचं होतं.

शिवाजी पेठेत एका तालमीच्या मागच्या बोळात हे घर. खाली आमच्या दोन खोल्या, वर ते आणि त्यांची बायको, म्हणजे काकी. वरच्या मजल्याच्या भिंती विटांच्या, पण छप्पर पत्र्याचं, आणि जिन्यावरही पत्राच. नव्वदच्या दशकाची अखेरची वर्षं होती. माझ्या नवऱ्याला कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत नुकतीच नोकरी लागली होती आणि मी पेठेतल्याच एका मुलींच्या शाळेत शिकवत होते. खोली बघायला गेलो तेव्हा मी सगळ्या प्रश्नांची तयारी करून गेले होते. जात विचारतील, गावाकडचे पाहुणे किती येतात ते विचारतील, मटण शिजवता का विचारतील. (पेठेत मटण न शिजवणाऱ्याकडेच जास्त संशयानं बघतात, हे मला नंतर कळलं.) यातलं त्यांनी काही विचारलं नाही. एवढंच म्हणाले, "तुमच्याकडं पत्र्याचं काय काय हाय?"

माझा नवरा जरा घाबरूनच म्हणाला, "एक कपाट, एक कोठी, दोन ट्रंका."

"कूलर?"

"नाही."

"आनू नगासा."

टेंपो दारात लागला तेव्हा सामान उतरवू देईनात. स्वतः टेंपोत चढले, कोठीचं झाकण उघडून मिटून बघितलं, कपाट वाजवलं आणि ट्रंकेच्या कडीला बोट लावून म्हणाले, "हिचं काम करायला लागंल. तवर ती भाईरच ऱ्हाऊ दे." आमच्या लग्नातल्या साड्या दोन दिवस बोळात पडून होत्या. मी त्याच दिवशी नवऱ्याला म्हटलं, दुसरी खोली बघ. तो म्हणाला, बघतो. आम्ही तिथं आठ वर्षं राहिलो. मी शिकवत असल्यामुळे मला ते बाई म्हणायचे. माझा नवरा मात्र आठ वर्षं राहूनही पावणंच राहिला.

त्यांचा जन्म पत्राकामात गेला होता. उद्यमनगरात भागीदारीत वर्कशॉप होतं, ट्रंका, कोठ्या, कपाटं, कूलरच्या पेट्या बनवायचे. पुढे आपला हिस्सा भागीदाराला देऊन घरी बसले. कोल्हापूर म्हणजे फौंड्रीवाल्यांचं गाव, ओतीव लोखंडाचं. या फौंड्रीवाल्यांना ते काडीची किंमत द्यायचे नाहीत. "जाड माल कुणीबी जोडतंय. पातळ जोडून दावा," हे त्यांचं आवडतं वाक्य. ते सगळीकडे लावायचे. तालमीतला एखादा पैलवान छाती काढून निघाला की माझ्याकडे बघून हळूच म्हणायचे, "जाड माल." एखादी म्हातारी काठी टेकत सावकाश बोळ चढली की मात्र हातातलं काम ठेवून ती दिसेनाशी होईपर्यंत बघत राहायचे.

एकदा माझ्या ट्रंकेसाठी स्क्रू आणायला मी त्यांच्याबरोबर हार्डवेअरच्या दुकानात गेले. जाऊ नये असं प्रत्येकानं सांगितलं होतं. दुकानदारानं लांबून बघितलं आणि पोराला गल्ल्यावर बसवून तो आत निघाला.

"ओ शेठ, आत कुठं? इकडं या की."

शेठ आले. त्यांनी मूठभर स्क्रू फळीवर टाकले. मालकांनी एकेक उचलून उजेडात धरला आणि दोन ढीग केले. मोठा ढीग दुकानदाराकडे ढकलला.

"ह्ये काय दिलासा?"

"स्क्रूच हायत की."

"मशिनचं हायत. ह्येला म्हागं नट लागतोय, न्हायतर जाड लोखंडात आटे पाडून ठेवाय लागत्यात. पत्र्यात कुठनं आटे पाडू? पत्रा केवढा, आटा केवढा!" मग माझ्याकडे वळून, दुकानात गिऱ्हाईक खोळंबलेलं असताना, "ह्यो बगा बाई, ह्यो पत्र्याचा. टोकापासनं मानंपतुर आटे. लाकडाच्या स्क्रूची मान मोकळी असतीया, ह्येची न्हाय. का? पत्र्यात धरायला जागा किती? एक आटा. लईच झालं तर दीड. तेवढ्यावर सगळं तोलायचं. म्हणून भोक स्क्रूपेक्षा बारीक पाडायचं, म्हंजे ह्यो आपली वाट आपुन कापत जातोय. आनि धरला की थांबायचं. हाताला कळतंय. म्होरं आणि एक पीळ दिलासा की भोक मोठं झालं. मग बसा फिरवत जन्मभर."

"मालक, मला एक ट्रंक जोडायची आहे," मी म्हटलं.

"त्येच सांगतोय की."

हे सगळं ऐकून माझं डोकं उठलं होतं, पण ट्रंक मात्र पुन्हा वाजली नाही, हे मान्य करायला हवं. ती अजून माझ्याकडे आहे.

स्क्रू ठेवायला त्यांच्याकडे डबे नव्हते. पत्र्याच्या डब्यात स्क्रू ठेवले तर डबाच वाजणार. म्हणून काकींनी जुन्या खणांच्या थैल्या शिवल्या होत्या. हिरव्या थैलीत पत्र्याचे स्क्रू, तांबड्या थैलीत मशिनचे. ते शिडीवरून नुसता हात खाली करायचे आणि काकी न विचारता बरोबर ती थैली हातात ठेवायच्या. शस्त्रक्रियेच्या खोलीत नर्स देते तशी. दोघांचा संवाद बहुतेक एवढाच असायचा.

आता हे सगळं कशासाठी, ते सांगायला हवं. ते काकींच्या कानासाठी होतं.

काकी बारीक अंगाच्या, हळू बोलणाऱ्या. डावा तळहात सदा डाव्या कानावर. जणू कुणाचा तरी फोन आलाय आणि पलीकडचा माणूस बोलायचा थांबतच नाही. आम्ही राहायला गेलो त्याच आठवड्यात नळावर त्यांनी मला सांगितलं, "बाई, माझ्या कानात पत्रा वाजतोय. झोपेतनं उठले ती वाजतच उठले. आता दोन वर्सं होत आली." मूलबाळ नव्हतं. दिवसभर त्या दोघांचं घर आणि तो आवाज. रात्रीची झोप गेली होती, डोळ्यांखाली काळं झालं होतं. बोलता बोलता मध्येच थांबायच्या आणि मग कुठं होतो ते त्यांना आठवायचं नाही.

पहिल्या दिवशी मालकांनी त्यांना काय विचारलं, तेही त्यांनीच मला सांगितलं.

"जाड पत्रा का पातळ?"

"पातळ."

"कोठीच्या झाकणाएवढा?"

"त्येच्यापरास पातळ."

"सगळा वाजतोय, का एका कडंनं?"

"एका कडंनं. एक स्क्रू सुटल्यावानी."

झालं! एवढं ऐकल्यावर त्या माणसाला दुसरं काही ऐकू येणं शक्य नव्हतं. घरात कुठंतरी एक पातळ पत्रा एका कडेनं सुटलाय आणि आपल्या बायकोला तो झोपू देत नाही. तो पत्रा शोधायचा, त्याला बरोबर स्क्रू निवडायचा, बसवायचा आणि तिला झोप मिळवून द्यायची. उरलेलं आयुष्य त्यांनी या कामाला लावलं होतं. मला पुष्कळदा वाटायचं, पत्रेवाल्याशी संसार केलेल्या बाईकडे दुसरे शब्द तरी कुठले असणार? सोनाराची बायको असती तर वेगळं काही म्हणाली असती, आणि सोनार तिला सरळ कानाच्या डॉक्टरकडे घेऊन गेला असता.

शेवटी मीच नेलं. डॉक्टरांनी तपासलं, यंत्र लावून बघितलं आणि शांतपणे सांगितलं की, हा आवाज बाहेरचा नाही, कानाच्या आतल्या शिरेचा आहे. औषध नाही. सवय करून घ्यायची. घरात अगदी शांतता ठेवू नका, झोपताना रेडिओ हळू आवाजात चालू ठेवा.

मालक हे ऐकत होते आणि एका हातानं डॉक्टरांचं औषधांचं कपाट वाजवत होते.

"डागदर, ह्यो वाजतोय बगा."

"आजोबा, मी काय सांगतोय ते ऐकताय ना?"

"ऐकतोय की. पर माझा जन्म पत्र्यात गेलाय. ती जे सांगत्या त्यो पत्र्याचाच आवाज हाय. तुम्ही कानातलं बगा, पत्र्यातलं मला सांगू नगासा."

बोळाच्या तोंडाशी रिक्षातून उतरताना ते म्हणाले, "रेडू लावा म्हनतोय. रेडूची जाळीबी पत्र्याचीच असतीया की." काकी हसल्या. आठ वर्षांत त्यांना हसताना मी फार वेळा पाहिलं नाही, म्हणून ते लक्षात राहिलं.

मग घरातला रेडिओच गेला. डब्यांच्या झाकणांखाली चिंध्या आल्या, कपाटाच्या पायांखाली रबर आलं. खिडकीच्या पत्र्याच्या झडपा, मोरीचं दार, मीटरची पेटी, पाण्याच्या टाकीचं झाकण, सगळ्यांना नवे स्क्रू लागले. घर संपलं तेव्हा ते बोळात उतरले. तालमीचा पत्र्याचा फलक त्यांनी न विचारता उतरवून पुन्हा बसवला. तालमीतल्या पोरांनी काही म्हटलं नाही, उलट शिडी धरली. एकदा पेठेच्या टीमची मॅच बघायला गेले आणि मैदानाच्या कडेचे जाहिरातींचे पत्रे बॉल लागला की वाजतात म्हणून मध्यंतरात थैली घेऊन आत शिरले. पेठेतली माणसं फुटबॉलसाठी सख्ख्या भावाशी भांडतात. पण त्यांना कुणी हात लावला नाही. "काकींचं म्हातारं हाय, जाऊ दे," म्हणाले. वेड्याला पेठ सांभाळून घेते. शहाण्याला नाही.

मी एकदा धीर करून म्हटलं, "मालक, तुम्ही घर एवढं गप्प केलंय, की कानातला आवाज त्यांना जास्तच ऐकू येत असेल."

वाटलं होतं, चिडतील. त्यांनी आमच्या कोठीच्या झाकणावर बोट टेकवलं, वाजवलं नाही, आणि वर निघून गेले.

काकींचा भाऊ राधानगरीकडचा, भाताची शेती आणि म्हशी. तो एकदा आला आणि बहिणीची अवस्था बघून तणतणला, "दाजी, पत्र्याच्या डब्यात कोंडल्यावर मानसाचं आनि काय व्हनार? मी अक्काला घेऊन जातो. आमचं घर कौलारू हाय." मालकांनी विरोध केला नाही. पिशवी स्वतः भरून दिली. काकी गेल्यावर चार दिवस ते खाली-वर करत राहिले. पाचव्या दिवशी भावाचा निरोप आला, अक्काचा आवाज तिथंही चालूच आहे.

दुसरा कुणी असता तर त्याला उलगडा झाला असता. यांनी थैल्या उचलल्या आणि पहिल्या एसटीनं राधानगरी गाठलं. तिथं घर कौलारू असलं तरी गोठ्यावर पत्रा होता. तो त्यांनी सगळा नव्यानं बांधून काढला. शेजाऱ्याचाही गोठा केला. दोघं परत आली तेव्हा सोबत आलेला भाऊ माझ्या दारात टेकला आणि पाणी पिऊन म्हणाला, "बाई, दाजींनी गोठ्याला एवढं स्क्रू मारल्यात की आता वावटळ आली तर गोठा जाईल, पत्रा जायचा न्हाय. पर अक्काला झोप न्हाई लागली." बोलताना त्याचे डोळे भरले होते. त्यानं पुन्हा न्यायची गोष्ट काढली नाही.

अशी वर्षं गेली. मालक म्हातारे होत चालले, हात थरथरायला लागला, पण छपरावर चढणं थांबेना. खालून काही सापडलं नाही की दोष वरच असणार, हे ठरलेलं. पत्र्यावर चालताना खालच्या लोखंडी पट्टीवरच पाय द्यायचा असतो. एका सकाळी त्यांचा पाय मधोमध पडला. पत्रा दबला, ते उताराला घसरले आणि कडेच्या पन्हाळीला धरून लोंबकळत राहिले. काकी ओरडल्या नाहीत. मी ओरडले. तालमीतली पोरं धावत आली, एकानं दुसऱ्याच्या खांद्यावर चढून त्यांना खाली घेतलं. गुडघा फुटला होता आणि हाताची सालं निघाली होती. खाली टेकल्या टेकल्या ते म्हणाले, "जिन्यावरच्या पत्र्याची वरची कड सुटलीया. मी बघितलं. त्योच हाय."

दुसऱ्या दिवशी नळावर काकींनी माझा हात धरला. त्यांचा हात गार होता.

"बाई, एक दिस ह्यो मानूस वरनं पडून मरंल. माझ्या कानापायी मरंल. मग मी ह्यो आवाज घिऊन कुनाकडं बगू?"

मी म्हटलं, आपण शिडी लपवून ठेवू. त्या म्हणाल्या, "शिडी लपवली तर त्ये भितीवरनं चढतील."

गुडघा बरा व्हायची वाट मालकांनी बघितली नाही. रविवार होता, दुपारची वेळ. मी अंगणात कपडे धूत होते. मालक लंगडत शिडी चढले, कडेला पोहोचले, हात खाली केला. काकींनी थैली वर दिली. ते दिसेनासे झाले. काकी शिडीला दोन्ही हातांनी धरून उभ्या राहिल्या, त्यामुळे त्या दिवशी त्यांचा डावा कान उघडा होता. ते माझ्या लक्षात आलं.

वर बराच वेळ गेला. मग ते उतरायला लागले. त्यांचा पाय शेवटच्या पायरीवर आला आणि काकी म्हणाल्या, "थांबला बगा."

"काय?"

"आवाज. आत्ताच. तुम्ही वर व्हतासा तवाच थांबला."

ते शिडीला धरून तसेच उभे राहिले. मग म्हणाले, "खरं?"

"आईशप्पत," काकी म्हणाल्या.

संध्याकाळी बोळात पेढे वाटले. मालक स्वतः घरोघरी फिरले, आणि नवल म्हणजे कुणाचंही कपाट न वाजवता. तालमीत पेढे दिले तेव्हा पोरांनी त्यांना खांद्यावर घेतलं. मी पेढा तोंडात टाकला आणि सहज जिन्याकडे बघितलं. काकी अंधाऱ्या पायरीवर बसल्या होत्या आणि डावा कान भिंतीला दाबून धरला होता, दात आवळून. मला बघून त्यांनी कान भिंतीपासून काढला.

"बाई," त्या म्हणाल्या, "त्येंस्नी सांगू नगासा."

मी सांगितलं नाही. सांगण्यासारखं ते नव्हतंच. शपथ खोटी घेतली, पण नवरा जमिनीवर राहिला. मी त्यांच्या जागी असते तर हेच केलं असतं.

त्यानंतर मालक छपरावर गेले नाहीत. थैल्या खुंटीला लागल्या. मला वाटलं होतं, आता हा माणूस सुखानं बसेल. बसला खरा, पण ते बसणं बघवत नव्हतं. जिन्याच्या वरच्या पायरीवर दोन्ही हात मांडीवर टाकून तासन्‌तास. कुणी चहाला बोलावलं तर जायचे, चहा गरम असतानाच पिऊन यायचे. बोळातल्या लोकांना बरं वाटलं. मला नाही वाटलं. ज्या माणसाला मी इतकी वर्षं कंटाळले होते, त्यानं एकदा येऊन माझी कोठी वाजवावी असं वाटायला लागलं.

आणि एक गोष्ट मला कळत नव्हती. जिन्यावरचा पत्रा वाजत होता. खरोखरचा. वारं सुटलं की वरच्या कडेला थरथर, थरथर, अगदी आमच्या दारापर्यंत ऐकू यायचं. एका दुपारी मी वह्या तपासत होते आणि तो काही थांबेना, तेव्हा वर जाऊन म्हटलं, "मालक, जिन्यावरचा पत्रा वाजतोय हो. एखादा स्क्रू गेला असेल."

ते ताडकन उठले. इतकं चिडलेलं मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं.

"माझ्या घरात पत्रा वाजत न्हाय! कानाला काय झालंय तुमच्या? त्यो पत्रा मी सोता बसवलाय. पुन्यांदा त्येचं नाव काढायचं न्हाय, सांगून ठेवतोय!"

आतून काकी बाहेर आल्या. दोघांनी एकमेकांकडे बघितलं, आणि लगेच दोघांनीही नजर दुसरीकडे वळवली. मी खाली आले. मनात म्हटलं, म्हातारा खरंच बहिरा होत चालला.

काकी गेल्या त्या कावीळ होऊन. फार दिवस लागले नाहीत. शेवटच्या दिवसांत ग्लानीत असायच्या आणि हात सारखा डाव्या कानाकडे जायचा, पण तिथवर पोहोचायचा नाही. मी पेज घेऊन वर गेले तेव्हा मालक उशाशी बसले होते. त्यांनी आपला उजवा तळहात त्यांच्या डाव्या कानावर झाकून धरला होता. मला वाटलं, गोंजारतायत. हात अवघडला असणार, पण मी होते तोवर त्यांनी तो काढला नाही.

बारावं झालं, भाऊ राधानगरीला परत गेला. दुसऱ्या दिवशी मी जेवणाचा डबा घेऊन वर गेले. मालक जिन्याच्या वरच्या पायरीवर बसले होते. समोर दोन्ही थैल्या पडल्या होत्या, हिरवी आणि तांबडी. वारं होतं. डोक्यावर पत्रा थरथरत होता. मी त्याच्याकडे बघायचं टाळलं.

"वाजतोय न्हवं?" तेच म्हणाले.

मी डबा या हातातून त्या हातात घेतला.

"तुमास्नी त्या दिशी उगा बोललो, बाई. वाजतोयच त्यो. तिथं स्क्रूच न्हाय."

"पण तुम्ही तर त्या रविवारी…"

"न्हाय बसवला." त्यांनी तांबडी थैली उचलली आणि पुन्हा ठेवली. "न बगताच थैली घेतली, वर जाऊन सोडली, तर ही तांबडी, आत मशिनचं स्क्रू. पत्र्याला चालायचं न्हाईत. एवढ्या वर्सांत तिची थैली कदी चुकली न्हवती, बाई. अंधारातबी चुकली न्हवती. तवा मला कळलं, त्या आवाजानं तिचं काय करून टाकलंय त्ये. कुठं लक्ष लागत न्हवतं तिचं. हातात काय देत्या त्येबी कळत न्हवतं. मी वर नुसता बसून ऱ्हायलो. एक आटा फिरवला न्हाय. हिरवी थैली दे म्हनायला खाली उतरलो, तर ती म्हनाली, थांबला."

पत्रा वाजत होता. ते थांबले, आणि आपल्या हातांकडे बघत पुढे म्हणाले, "डागदर बोलला त्ये मला कळलं न्हवतं व्हय? रिक्षात बसलो तवाच कळलंतं. पर मग मी काय करायचं हुतं? ती तळमळत्या आनि मी समोर बसून बघायचं? मला स्क्रू फिरवण्याबिगार येतंय काय? तिनं थांबला म्हटलं, मी खरं म्हटलं. ह्यो पत्रा बसवाय गेलो असतो तर तिला कळलं असतं की मला कळलंय. म्हणून सोडला तसाच."

इतकी वर्षं मी एकाचं गुपित सांभाळत होते आणि मला वाटत होतं, गुपित तेवढंच आहे.

मी डबा खाली ठेवला. म्हटलं, "आता तरी बसवून घ्या. तालमीतल्या कुणाला तरी सांगते मी."

"नगं," ते म्हणाले. मान वर करून पत्र्याच्या त्या सुटलेल्या कडेकडे बघत राहिले. वारं जरा पडलं की थरथर बारीक व्हायची, पुन्हा वाढायची. त्यांनी डावा कान तिकडे केला.

"बाई, तुमी तिच्याबरबर नळावर असायचा. तुमास्नी सांगितलं असंल तिनं." त्यांचा आवाज इतका हळू मी कधी ऐकला नव्हता. "असाच व्हता का वो तिचा आवाज? का ह्याच्यापरासबी पातळ?"

मला माहीत नव्हतं. मी त्यांच्या शेजारी पायरीवर बसले आणि दोघं ऐकत राहिलो.